सूड कोणाच्या मालकीचा? : ‘शोले’चे दोन शेवट

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या सात आठवडे आधी, २५ जूनच्या रात्री, देशात आणीबाणी पुकारली गेली होती. ऑक्टोबर १९७३ पासून बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत चित्रित होत आलेला हा सिनेमा तोवर जवळपास तयार होता. या सात आठवड्यांत त्याचा शेवट बदलला. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात हात तोडले गेलेले ठाकूर बलदेवसिंग खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरसिंगाला मारतात. सेन्सॉर मंडळाने त्याला हरकत घेतली. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन माणूस मारावा, हे त्या दिवसांत मान्य होण्यासारखे नव्हते. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. ठाकूर गब्बरला ठार मारणार एवढ्यात पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला घेऊन जातात. पुढे कित्येक वर्षे चित्रपटगृहांत लोकांनी पाहिला तो हाच शेवट.

मूळ शेवट नंतर व्हिडिओच्या प्रतींमधून इकडेतिकडे फिरत राहिला. २०२५ साली, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी, जीर्णोद्धार केलेली संपूर्ण प्रत मूळ शेवटासह आधी जूनमध्ये इटलीतील बोलोन्या येथे आणि मग डिसेंबरात आपल्याकडच्या चित्रपटगृहांत दाखवली गेली. त्यामुळे दोन्ही शेवट शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय आता सर्वांनाच झाली आहे. या तुलनेत सहसा एकच गोष्ट सांगितली जाते : सरकारने कलावंताची कृती बिघडवली. ते खरे आहे, पण अपुरे आहे. कारण मग एक साधा प्रश्न उरतो. ज्या सूडकथेतला सूडच काढून घेतला, ती सूडकथा मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालली कशी? केकातून अंडे वगळले तर केक फुगत नाही. हा मात्र फुगला. याचे उत्तर शोधताना या चित्रपटाची बलस्थाने आणि त्याचे दोष एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे दिसू लागते.

आधी बलस्थानांविषयी, कारण ती खरोखरच मोठी आहेत. ‘शोले’ची पटकथा ही एका गोष्टीच्या लपवाछपवीवर उभी आहे, आणि ती गोष्ट म्हणजे ठाकुरांचे हात. सुरुवातीच्या आगगाडीवरील हल्ल्याच्या प्रसंगात (तो पनवेलच्या परिसरात चित्रित झाला) आपण ठाकुरांना पोलीस अधिकारी म्हणून पाहतो, तेव्हा त्यांना हात आहेत. तो प्रसंग पूर्वीचा आहे. वर्तमानात ते सतत शाल पांघरून असतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण गावच्या वडीलधाऱ्या माणसाने शाल पांघरणे इतके स्वाभाविक आहे. होळीच्या दिवशी गब्बर गावात येतो, जय आणि वीरू कोंडीत सापडतात, आणि पायांपाशी बंदूक पडलेली असताना ठाकूर ती उचलत नाहीत. जय-वीरू चिडतात. प्रेक्षकही चिडतो. मग पूर्वकथा येते, आणि तिच्या अखेरीस वाऱ्याने शाल खाली पडते. प्रेक्षकाला क्षणभर स्वतःच्या चिडण्याची लाज वाटते. धक्कातंत्र हिंदी सिनेमाला नवे नव्हते, पण प्रेक्षकाने एका माणसाविषयी केलेला अन्यायकारक निवाडा त्याच्याच पदरात परत टाकणारे धक्कातंत्र दुर्मीळच. सलीम-जावेद यांच्या पटकथांमध्ये याहून टाळीबाज प्रसंग पुष्कळ आहेत. याहून नेमका मला आठवत नाही.

त्या पूर्वकथेतले हत्याकांड तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दुपार आहे, घरातली माणसे आपापल्या कामात आहेत, झोपाळा करकरतो आहे. गोळ्या सुटतात, आणि एकेक माणूस कोसळताना चित्र क्षणभर थिजते. रक्त जवळजवळ नाही. शेवटी उरलेल्या लहान मुलावर गब्बर बंदूक रोखतो, आणि गोळीच्या आवाजासरशी आपण ठाकुरांना घरी आणणाऱ्या आगगाडीवर जाऊन पोहोचतो. मुलाचा मृत्यू आपण पाहत नाही, ऐकतो. नंतर अंगणात पांढऱ्या कापडाखाली झाकलेली प्रेते, वाऱ्याने उडणारी कापडे, आणि काही न बोलता घोड्यावर बसून एकटे निघालेले ठाकूर. संवादांसाठी गाजलेल्या या चित्रपटातला सर्वांत प्रभावी भाग जवळजवळ निःशब्द आहे. यातले श्रेय द्वारका दिवेचा यांच्या कॅमेऱ्याइतकेच संकलक एम. एस. शिंदे यांचे. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पारितोषिकांत ‘दीवार’ने बाजी मारली आणि ‘शोले’च्या वाट्याला एकच पारितोषिक आले, ते शिंदे यांच्या संकलनाला. परीक्षकांनी बाकी काय पाहिले नाही याची चर्चा पुष्कळ झाली; जे पाहिले ते अचूक पाहिले, असे म्हणायला हरकत नाही. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी त्या ओसाड खडकांत उभे केलेले रामगढही असेच, पाहता पाहता खरे वाटू लागणारे. (त्या गावात वीज नाही, म्हणून राधेला रोज संध्याकाळी दिवे लावावे आणि रात्री विझवावे लागतात, पण वीरूला चढून जीव देण्याची धमकी देता यावी म्हणून पाण्याची उंच टाकी मात्र आहे. पाणी वर कसे चढते, हे विचारणारे विनोदी लोक पन्नास वर्षांत संपलेले नाहीत.)

आणि गब्बर. अमजद खान हे चरित्र अभिनेते जयंत यांचे चिरंजीव. डॅनी डेन्झोंग्पा यांना ‘धर्मात्मा’च्या चित्रीकरणामुळे ही भूमिका सोडावी लागली आणि ती या नवख्या नटाकडे आली. त्याचा आवाज भूमिकेला बारीक पडेल अशी शंका तेव्हा घेतली गेली होती. पुढे त्याच आवाजातल्या संवादांच्या तबकड्या पॉलिडॉरने काढल्या आणि त्या गाण्यांच्या तबकड्यांसारख्या वाजत राहिल्या. आमच्या लहानपणी गणपतीच्या मांडवात आरती संपली की ध्वनिक्षेपकावर गब्बर सुरू व्हायचा आणि कोणालाही त्यात काही विसंगत वाटत नसे.

गब्बर थोर खलनायक आहे यात वाद नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने तो एक मोठा बदल घेऊन आला, आणि तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

चंबळच्या खोऱ्यात १९५० च्या दशकात गब्बरसिंग नावाचा दरोडेखोर खरोखरच होता. १९५९ साली तो पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. हे नाव तिथूनच आले. परंतु त्याच सुमारास दरोडेखोरांविषयी या देशात एक वेगळाच प्रयोग चालला होता. १९६० साली विनोबांनी भिंड-मुरैना भागात पदयात्रा केली आणि काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्यापुढे याहून कितीतरी मोठे समर्पण झाले. दरोडेखोर हा जमिनीच्या, जातीच्या आणि भाऊबंदकीच्या वैरातून, पोलिसांच्या जाचातून रानात गेलेला माणूस आहे आणि त्याला परत आणता येते, ही यामागची धारणा. हिंदी चित्रपटांतही ती होतीच. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०), ‘गंगा जमुना’ (१९६१), ‘मुझे जीने दो’ (१९६३) या सर्वांत दरोडेखोराला भूतकाळ आहे, घर आहे, कारण आहे. आपल्याकडे शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (१९५७) सहा खुनी कैदी एका तुरुंगाधिकाऱ्याच्या विश्वासावर मोकळे सोडले होते. तिथेही शीर्षकात हात आहेत. पण ते काम करणारे, नांगर धरणारे हात.

गब्बरला यातले काहीच नाही. त्याला गाव नाही, जात नाही, आईबाप नाहीत, देवी नाही, कपाळावर टिळा नाही. धोतर आणि फेट्याऐवजी तो लष्करी हिरव्या कपड्यांत वावरतो. तो दुष्ट का आहे याचे उत्तर चित्रपट देत नाही आणि प्रेक्षक मागतही नाही. नाट्य म्हणून यातून प्रचंड बळ मिळाले, कारण कारण नसलेली क्रूरता अधिक भयंकर असते. हातावरून चालणाऱ्या किड्याकडे निवांत पाहून त्याला चिरडणारा गब्बर, आणि लगेच घोड्यावरून गावात परतणारे इमामसाहेबांच्या अहमदचे प्रेत : या दोन चित्रांच्या मधले काही न दाखवताही सारे कळते. (अहमदला मारण्याचा प्रसंग चित्रित झाला होता, पण १९७५ च्या प्रतीत तो नव्हता. सचिन पिळगावकरांचे काम त्यामुळे कमी झाले असेल, चित्रपटाचे मात्र भलेच झाले. कात्री प्रत्येक वेळी शत्रूच असते असे नाही.) तथापि या बळाची किंमतही होती. १९७२ साली जो एक सामाजिक प्रश्न होता, तो १९७५ साली पडद्यावर केवळ एक पिसाट माणूस झाला. प्रश्न सोडवावा लागतो. पिसाट माणसाला मारले की संपते. ज्या जयप्रकाशांपुढे खऱ्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली होती, ते ‘शोले’ प्रदर्शित झाला त्या दिवशी सरकारच्या कैदेत होते. हा योगायोग चित्रपटकर्त्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. परंतु इतिहास लिहिताना तो गाळताही येत नाही.

आता दोषांकडे वळतो. ‘शोले’वर उसनवारीचा आरोप फार जुना आहे. कुरोसावांचा ‘सेव्हन समुराय’ (१९५४), त्याचा अमेरिकी अवतार ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०), सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८), आणि घरचाच राज खोसलांचा ‘मेरा गाँव मेरा देश’ (१९७१), ज्यात तुरुंगातून सुटलेला धर्मेंद्र, जब्बरसिंग नावाचा दरोडेखोर आणि एक हात गमावलेला निवृत्त सैनिक आहे. तो सैनिक साकारला होता जयंत यांनी, म्हणजे भावी गब्बरच्याच वडिलांनी. या उसनवारीचे मला फारसे वाईट वाटत नाही. उसने कोणी घेत नाही? घेताना वाटेत काय सांडले, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

कुरोसावांच्या चित्रपटात समुरायांना गावकरी बोलावतात. तेच वर्गणी काढतात, तेच भात पुरवतात, तेच बांबूचे भाले घेऊन लढायला शिकतात. त्यांचा भित्रेपणा, लबाडी, लपवून ठेवलेले धान्य, सारे आपल्यासमोर येते, आणि अखेरीस जिंकतात तेही तेच. समुराय थडग्यांकडे पाहत उभे राहतात. ‘शोले’त जय-वीरूला गाव बोलावत नाही, ठाकूर बोलावतात, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कामासाठी. गावकऱ्यांना विचारलेलेही नसते. म्हणूनच अहमदच्या मृत्यूनंतर गाव या दोघांना घालवून देण्याची भाषा करू लागते, तेव्हा ते अगदी योग्यच बोलत असते. इमामसाहेब पुढे येऊन गावाला गप्प करतात. ए. के. हंगल यांनी तो प्रसंग असा काही उभा केला आहे की डोळे भरून येतात आणि आपण गावकऱ्यांनाच भित्रे ठरवून मोकळे होतो. पण डोळे कोरडे झाल्यावर लक्षात येते, की ज्याचा मुलगा गेला त्या बापाच्या मोठेपणावर ठाकुरांचा सूड पुढे चालू राहतो. रामगढचे लोक काय पिकवतात, जमीन कोणाची, ठाकुरांशी त्यांचे नाते कोणते, यातले काही कळत नाही. ठाकूर एकाच वेळी गावचे मालक आहेत आणि पोलीस अधिकारी होते. ही दोन पदे एका घरात असण्याचा अर्थ उत्तर भारतातल्या कोणत्याही खेड्यातल्या माणसाला सांगावा लागणार नाही. चित्रपट मात्र त्यावरून शालीसारखा झुळझुळीत पडदा टाकतो.

सूडाचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ठाकुरांची अट अशी की गब्बर जिवंत हाती आला पाहिजे. सरकारने गब्बरवर पन्नास हजारांचे इनाम लावलेले आहे, पण ठाकुरांना गब्बर सरकारला द्यायचा नाही, स्वतःला हवा आहे. पुलावरच्या लढाईत जय मरतो. वीरू पेटून उठतो आणि एकटाच गब्बरच्या तळावर जाऊन त्याला मारायला निघतो. त्याचा सूड त्या क्षणी संपूर्ण चित्रपटातला सर्वांत ताजा, सर्वांत खरा सूड आहे. आपण तो घडताना पाहिला आहे. आणि तेव्हा ठाकूर येतात व जयने दिलेल्या शब्दाची आठवण करून देतात. वीरू गब्बरला सोडतो. म्हणजे भाडोत्री माणसाने आपला सूड मालकाला दिला. मूळ शेवटात तो तिथेच थांबतो. आणीबाणीतल्या शेवटात तो आणखी एक पायरी वर चढतो : मालक आपला सूड सरकारला देतो. ज्या तर्काने वीरूने गब्बर सोडला, त्याच तर्काने ठाकुरांनी सोडला. अधिक मोठा हक्कदार आला की लहानाने बाजूला व्हायचे. सेन्सॉर मंडळाने चित्रपटात काही परके घुसवले, असे आपण समजतो. खरे तर चित्रपटातच असलेल्या उतरंडीला त्याने फक्त एक मजला वाढवून दिला.

या उतरंडीत जिचे नाव कुठेच नाही ती राधा. गब्बरने तिचा नवरा मारला. घरातली ती एकटी वाचलेली सून. सूडावर जर रक्ताच्या नात्याने हक्क पोहोचत असेल, तर तिचा हक्क ठाकुरांपेक्षा तिळभरही कमी नाही. पण संपूर्ण चित्रपटात तिला कोणी विचारत नाही, की बाई, तुला काय हवे आहे? एकदाच ती स्वतःहून काही करते. जय आणि वीरू रात्री तिजोरी फोडायला येतात तेव्हा ती पुढे येऊन किल्ल्याच त्यांच्यापुढे करते. न्या सगळे आणि निघून जा, म्हणजे निदान सासऱ्यांचा भ्रम तरी फिटेल, असा तिचा सूर असतो. सूडाच्या साऱ्या योजनेवर एवढी धारदार टीका चित्रपटात दुसरी नाही, आणि ती एका विधवेच्या तोंडी दोन-चार वाक्यांत येऊन जाते. पुढे जय आणि तिच्यात काही न बोलता काही घडते : तो खाली बाजा वाजवतो, ती वर एकेक दिवा मालवत जाते. ठाकूर तिच्या वडिलांशी पुनर्विवाहाचे बोलतातही. १९७५ च्या लोकप्रिय चित्रपटात हे धाडसच होते. पण धाडस पुरते न्यायचे नव्हते. जय मरतो, आणि पांढरे पातळ पांढरेच राहते. राधेचे दुसऱ्यांदा विधवा होणे ही कथेची गरज होती की निर्मात्यांची भीती, याचा निकाल मला देता येत नाही. दोन्ही असावीत असे वाटते. चित्रपट लागल्यावर पहिले काही दिवस तो पडला अशी हाकाटी झाली, तेव्हा जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा काय, असा विचार खरोखर झाला होता. तो झाला नाही हे उत्तमच. मात्र तेव्हाही काळजी अमिताभच्या लोकप्रियतेची होती, राधेची नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सूड काढून घेतल्यावरही ‘शोले’ का चालला?

मला दिसते ते उत्तर असे : कारण ‘शोले’ मधल्या मोठ्या भागात सूडकथा नाहीच. साडेतीन तासांच्या आसपास चालणाऱ्या या चित्रपटात ठाकुरांचा सूड किती वेळ प्रत्यक्ष पडद्यावर असतो? बसंतीची बडबड, मौसीपुढे जयने केलेली वीरूची ‘शिफारस’, सूरमा भोपाली, असरानींचा जेलर, हेलनचे नृत्य, पाण्याची टाकी. सूडपटाच्या काटेकोर मापाने हे सारे दोष आहेत. कथा भरकटते, ताण सैल होतो, गब्बरची दहशत विनोदात विरघळते. एकाग्र सूडपट पाहायचा तर त्याच जोडीने लिहिलेला ‘ज़ंजीर’ (१९७३) पाहावा. तिथे बालपणी पाहिलेल्या खुनाची जखम नायकाला अखेरपर्यंत सोडत नाही, आणि विनोदाला जवळजवळ वावच नाही. ‘शोले’चा दोष असा की तो आपल्या मुख्य विषयाकडे दुर्लक्ष करतो. आणि हाच दोष त्याच्या कामी आला. ठाकुरांचा सूड हिरावला गेला तरी प्रेक्षकाचे हिरावून घेण्यासारखे काही उरले नव्हते, कारण प्रेक्षकाचा जीव तोवर जय-वीरूच्या मैत्रीत गुंतला होता, आणि त्या मैत्रीचा शेवट पुलापाशी, दोन्ही बाजूंना सारखेच चित्र असलेल्या नाण्यापाशी झाला होता. त्या नाण्याने जय आयुष्यभर वीरूला फसवत आला आणि शेवटी त्याचेच प्राण वाचवण्यासाठी फसवले. चित्रपटाचा खरा उत्कर्षबिंदू तो. त्यानंतर गब्बरचे काय होते, यात प्रेक्षकाला रस होता, पण जीव नव्हता. सेन्सॉर मंडळाची कात्री पडली ती ज्या फांदीवर, तिच्यावर फळे नव्हती.

तरीही १९७५ चा शेवट खोटा आहे, आणि तो केवळ लादलेला आहे म्हणून खोटा नाही. चित्रपटाने स्वतःच जे तीन तास दाखवले त्याच्याशी तो भांडतो. गब्बरला ठाकुरांनी एकदा पकडून कायद्याच्या स्वाधीन केलेच होते. तो तुरुंगातून पळाला, आणि म्हणूनच हत्याकांड झाले. दुसरीकडे, चित्रपटात आपण ज्या तुरुंगात बराच वेळ घालवतो तो तुरुंग म्हणजे निव्वळ फार्स आहे. हिटलरी मिशांचा जेलर, कुजबुजणारा हरिराम न्हावी, आणि जय-वीरूने लाकडी पिस्तुलाच्या जोरावर केलेले पलायन. रामगढमध्ये कोणी मेले तर पोलीस येत नाहीत, दरोडा पडला तर येत नाहीत, पूल उडाला तर येत नाहीत. आणि ठाकुरांचा पाय गब्बरच्या छातीवर पडायच्या क्षणी मात्र येतात. गब्बरला घेऊन ते जाणार कुठे? त्याच तुरुंगात. हा प्रश्न १९७५ च्या प्रेक्षकाच्या मनात आला असेल, तर त्या काळात तो मोठ्याने विचारण्याची सोय नव्हती. कायद्यावर विश्वास ठेवा, असे जे सरकार पडद्यावर सांगत होते, त्याच सरकारने पडद्याबाहेर हजारो माणसे खटल्याशिवाय कोंडली होती. संजीवकुमारांचाच ‘आँधी’ त्याच वर्षी आणीबाणीत बंद केला गेला. असरानींच्या हिटलरी मिशांकडे मात्र सेन्सॉर मंडळाचे लक्ष गेले नाही, किंवा गेले आणि त्यांना त्यात काही लागट वाटले नाही. कायदा हातात घेणाऱ्या हातहीन माणसाचे भय त्यांना अधिक वाटले.

मूळ शेवट पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती कथेचे वर्तुळ पूर्ण होण्याची. रामलाल जोड्यांना खिळे ठोकतो तो प्रसंग, मग ज्या दोन खांबांमध्ये बांधून गब्बरने ठाकुरांचे हात तोडले होते तीच जागा, आधी गब्बरचे हात चिरडणे, आणि शेवटी त्याच खांबावरच्या अणकुचीदार खिळ्यात गब्बरचे शरीर रुतणे. हिंसा आहे, पण ‘हात’ या एका कल्पनेभोवती तीन तास विणलेली वीण इथे निरगाठ मारून पुरी होते. १९७५ च्या शेवटात ती मध्येच सुटून लोंबत राहते.

दुसरी गोष्ट मला अनपेक्षित होती. गब्बर मेल्यावर ठाकूर जिंकल्यासारखे दिसत नाहीत. ते मोडून पडतात, रडतात. संजीवकुमार त्या वेळी जेमतेम पस्तिशीच्या पुढचे होते, आणि त्यांनी उभा केलेला तो म्हातारा क्षणात आणखी दहा वर्षांनी म्हातारा होतो. ज्या एका इच्छेने त्यांना इतकी वर्षे उभे ठेवले होते, ती पुरी होताच उभे राहण्याचे कारणच संपते. पोलिसांच्या शेवटात ठाकूर आपला सूड सोडून देतात, म्हणजे नैतिकदृष्ट्या मोठे होतात, आणि आपण टाळ्या वाजवू शकतो. मूळ शेवटात टाळ्या वाजवायला हात वर गेले तरी समोरच्या माणसाला हात नाहीत आणि तो रडतो आहे. म्हणजे सेन्सॉर मंडळाला जो प्रसंग सूडाला उत्तेजन देणारा वाटला, सूडाविषयीची खरी निराशा त्यातच होती. कापला गेला तो उपदेशाहून अधिक परिणामकारक भाग, आणि त्याच्या जागी उपदेश आला.

तिसरी गोष्ट, जी दोन्ही शेवटांत सारखीच आहे. गब्बर पकडला गेला काय किंवा मेला काय, वीरू स्टेशनवर जातो, आगगाडीत बसतो, आणि डब्यात बसंती आधीच बसलेली असते. जयची चिता पेटलेली असताना वरच्या खिडकीत राधा उभी राहून पाहते, आणि खिडकी लावून घेते. गब्बरच्या तळावर काय झाले, हे तिला घरी परतून कोणी आणि कसे सांगितले, ते १९७५ च्या प्रतीतही नाही आणि २०२५ च्या प्रतीतही नाही.